खांद्याचा रकाना

संघटनेचं पत्र आलं तेव्हा आम्ही
एका शाळेच्या चार हजार गणवेशांच्या काजांत बुडालो होतो.
जाड कागद, उठावाचा शिक्का,
वर अरबी, खाली इंग्रजी,
सर्वांत खाली कुणाची तरी घाईतली सही:
देशातल्या तयार कपड्यांना यापुढे एकच मापतक्ता.
सभासद कारखान्यांनी महिनाअखेर
तीनशे बायकांची मापं पाठवावीत.

तीनशे बायका आणायच्या कुठून?
वर्कीसाहेब काचेतून खाली बघत म्हणाले,
बसल्यात की.

अजमानच्या जुर्फमध्ये ऑगस्टात
पत्र्यालासुद्धा घाम फुटतो.
जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं,
ताग्यांच्या आडोशाला एक पडदा,
माझ्या गळ्यात पिवळी टेप.
देवरुखच्या शिवणवर्गात आंबर्डेकर बाईंनी
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
माप घेताना डोळ्यांत बघायचं नाही,
माणूस पोट आत घेतो.

आधी दिलमाया. मग प्रियांती.
मग सिल्हेटची नुरुन्नाहार,
ती टेपखाली अशी वळवळली गुदगुल्यांनी
की सगळ्या रांगेला हसू फुटलं.
छाती, कंबर, घेर, मुंढा, बाही.
एकीच्या बोटातून आरपार गेलेल्या सुईचा काळा ठिपका.
एकीच्या ओटीपोटावर टाके;
मुलगा चार वर्षांचा आहे, ती म्हणाली.
मी विचारलं नव्हतं.

सदतिसाव्या बाईपाशी लक्षात आलं.
उजवा खांदा उतरलाय.
वाटलं, टेप सरकली.
अडतिसावी. एकोणचाळिसावी.
कुणाचा अर्धा इंच, कुणाचा पाऊण.
अकरा-अकरा तास मशीनखाली कापड सारून
हाड घडीवर बसलेलं,
इस्त्रीने मोडेना अशा घडीवर.

तक्त्यात खांद्याला एकच रकाना.
बाईंनी शिकवलेली सवय, माप उजव्या अंगाने घ्यायचं,
तेच मी लिहीत गेले.
शेऱ्यात टाकलं: उजवा उतरता, डावा ठीक.
त्याखाली वरीलप्रमाणे.
त्याखाली वरीलप्रमाणे.

दोनशे नव्याण्णव झाल्या.
प्रियांती म्हणाली, तू उभी राहा.
टेप तिच्या हातात.
थंड बोटांनी तिने मानेमागचा मणका शोधला
आणि थांबली तिथे,
टेपचं टोक धरून, नीट.
दोन वर्षं चार महिने
मला कुणी हात लावला नव्हता,
बसमधले धक्के सोडले तर.
मी पोट आत घेतलं नाही.
खांदा किती, विचारलं.
म्हणाली, सेम टू सेम.

ऑक्टोबरात दुबईच्या हॉटेलात सभा झाली.
आमच्याकडून गेली फक्त व्यासपीठाची झालर,
मरून साटीन, बावीस मीटर,
चुण्या मी स्वतः घातल्या.
वर्कीसाहेब नंतर सांगत होते,
अध्यक्षांना आपले आकडे फार चोख वाटले.
शेऱ्यांबद्दल कुणीतरी विचारलं,
मग जेवण लागलं.

नवा तक्ता आला, लॅमिनेट केलेला.
कटिंग टेबलाच्या वर चिकटवला.
खांद्याचा उतार:
जुन्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त.
दोन्ही बाजूंना.
मी दोनदा वाचला.
शेऱ्याचा रकानाच नव्हता त्यात.
मग खडू उचलला आणि त्याच मापाने बेतायला घेतलं,
कारण शाळेच्या पुढच्या दोन हजारांची तारीख सोमवारची होती.

शुक्रवारी कधी मॉलमध्ये जाऊन बसते, गारव्याला.
अत्तराच्या दुकानासमोर एक बाक आहे.
बायका जातात समोरून कोऱ्या शर्टांत,
मोकळ्या, सरळ खांद्यांच्या,
आणि चालता चालता मध्येच एखादी
खांद्यावरचं कापड चिमटीत धरून वर ओढते.
दोन पावलांनी पुन्हा ओढते.
काय खुपतंय ते तिला कळत नाही.
मी मोजते. मागच्या शुक्रवारी नऊ.

दिलमायाला सांगितलं.
ती धागा दातांनी तोडत म्हणाली,
बसव त्यांना दोन वर्षं ओव्हरलॉकवर,
मग बघ कसा बसतो.